अंगी लागलेली पुडी

टेपचा दोष

माझं स्वतःचं ब्लाऊज मलाच येईना झालं, तेव्हा मी दोष दिला टेपला. आखाडा बाळापुरात रस्त्याला लागून माझं शिलाईकामाचं दुकान आहे. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि खोटं बोलायला लागते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून नवी टेप आणली. तिनंही तेच सांगितलं. कंबर वाढली होती, मानेच्या खाली पाठीवर मांसाचा उंचवटा आला होता, आणि दंड मात्र बारीक झाले होते.

आता बाई अंगानं भरली की दंड आधी भरतात. तिचं ब्लाऊज सैल करायला आलं की आम्ही बाहीपासूनच उसवायला घेतो. इथं बाह्या ढगळ आणि पुढचे हूक लागेनात. इतक्या वर्षांत असं अंग मी मापलं नव्हतं. मला भीती वाटली नाही, नवल वाटलं. कुशीतल्या शिलाया सोडल्या, बाह्यांना टीप घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

लोकांना मात्र काही कोडं पडलं नव्हतं. माझं तोंड गोल झालं होतं, गाल लाल दिसत होते. त्याच सुमारास लेकीचं लग्न उरकलं होतं. जो तो म्हणायचा, सुमनबाईची जबाबदारी सरली, आता सुख अंगी लागून राहिलं. ऐकायला गोड वाटायचं. सुख अंगी लागल्याचं कुणाला वाईट वाटतं?

गुडघे

अंगी लागत होती ती पुडी. माझ्या नणंदबाई साखऱ्याला दिलेल्या आहेत. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. त्यांचे गुडघे माझ्याहून खराब होते, आणि एका दिवाळीला त्या आमच्या घराच्या पायऱ्या कठडा न धरता चढून आल्या. मी बघतच राहिले. कुठल्याशा बाजारात एक पुडीवाला बसायचा, त्याच्याकडून त्यांनी आणली होती. कुठल्या बाजारात ते लिहीत नाही. तो आता तिथं बसतही नाही. कागदाच्या घडीत मातकट भुकटी. सकाळी दुधातून घ्यायची.

"निस्ता झाडपाला हाय, सुमन," आक्का म्हणाल्या. "तू काहून कण्हत बसून राहिली? घे बरं."

पायडल मारून मारून माझे गुडघे कामातून गेले होते. मशीनला मोटर बसवली, पण उशिरा. पुडी घेतली आणि आठवड्याच्या आत मी खाली मांडी घालून भाकरी थापली. खरं सांगते, त्या दिवशी मला रडू आलं. आक्कांनी आपल्या वाट्यातून मला दिलं, ते मायेनं दिलं. पुढं जे झालं ते वाचताना ही माया विसरू नका.

सुई

हळद शिजवायचे दिवस होते. सगळ्या शिवारात तो ओला, उग्र वास भरलेला असतो. दुकानात जाड कापडाच्या पिशव्यांचं काम होतं आणि कापड सरकवता सरकवता माझं डावं तर्जनी बोट सुईखाली गेलं. सुई नखाच्या कडेनं आरपार गेली. शिंप्याला यात काही नवल नाही. सुई ओढून काढली, हळद दाबली, चिंधी बांधली.

नवल नंतर सुरू झालं. बोट दुखेना. थोडं सुजलं, फिकट पडलं, पण ना लाल झालं ना गरम. आधी दोनदा मला अशीच सुई लागली होती, तेव्हा रात्रभर ठणका होता. आता बोट शांत होतं, आणि तरीही जखम मिटत नव्हती. मी रोज चिंधी सोडून बघायची आणि परत बांधायची. आमचे हे, म्हणजे माझे यजमान दिगंबरराव, टायरपंक्चरचं दुकान चालवतात. ते म्हणाले, "ताप न्हाई ना? मंग भ्यायचं काय?" मलाही ते बराबर वाटलं. आमच्याकडं आजाराची पायरी तापावरून ठरते. ताप नाही म्हणजे आजार नाही, असा सगळा हिशेब.

मग एक दिवस कात्री धरताना तळहातातून पू आला. सुई बोटाला लागली होती आणि पू तळहातातून आला. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. बाळापूरच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि दुसरं काही न करता नांदेडला जायला सांगितलं.

बोट राहील का

नांदेडच्या दवाखान्यातले सर्जन तरुण होते आणि सरळ बोलणारे होते. पू बोटातून तळव्यात उतरला होता आणि मनगटाकडं निघाला होता. आजच उघडून धुवावं लागेल, हात वाचवायचा आहे, बोट राहीलच असं सांगत नाही, असं ते म्हणाले. यांनी सही केली. 

डाव्या हाताची तर्जनी म्हणजे शिंप्याचं काय असतं ते सांगते. टेपचं टोक तिच्यात आणि अंगठ्यात धरायचं असतं. कापड सुईखाली तीच नेते. अस्तर कुठं चुरमडलंय ते डोळ्यांच्या आधी तिला कळतं. टेबलावर आडवी असताना मी देवाकडं बाकी काही मागितलं नाही. तेवढं एक बोट मागितलं.

बोट उघडून धुतलं, शिवलं नाही, तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मीच बिघडत गेले. उलट्या व्हायला लागल्या, उठून बसलं की डोळ्यांपुढं अंधार यायचा, रक्तदाब खाली गेला. वॉर्डातली सिस्टर सारखी येऊन बघून जायची. पू रक्तात गेला असेल असं सगळ्यांना वाटत होतं. यांनी कुणाला न सांगता लेकीला फोन करून बोलावून घेतलं. ती दारात दिसली तेव्हा मला कळलं की आपलं काही खरं नाही.

औषध न्हाई

मग एक डॉक्टरबाई आल्या. वयानं माझ्याएवढ्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी बोटाकडं बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं, बाही वर करून दंड बघितला, पोटावरचा पदर सारून तिथले जांभळे पट्टे बघितले. मी त्यांना काही मापाचं सांगणार होते, पण जीभ उचलत नव्हती.

"कोणतं औषध चालू आहे?"

"न्हाई. औषध कोणतंच न्हाई," आम्ही दोघंही म्हणालो.

हाच प्रश्न आम्हाला बाळापुरात विचारला होता, भरती होताना विचारला होता, ऑपरेशनच्या आधी विचारला होता. प्रत्येक वेळी आम्ही हेच उत्तर दिलं, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या भागात औषध म्हणजे डॉक्टरच्या गोळ्या, नाहीतर तुरीवर फवारतात ते. कुणी औषध घेतलं म्हटलं की गल्लीतली माणसं गाडी काढायला पळतात. सकाळच्या दुधात घालायच्या भुकटीला तो शब्द लागूच होत नाही.

बाई जायला निघाल्या आणि थांबल्या. चष्मा डोळ्याला लावला आणि वेगळंच विचारलं.

"पुडी कोणती खाता?"

हे चटकन म्हणाले, "पुडी हाय की. पन ती जडीबुटी हाय, डॉक्टरबाई. गुडघ्याची. तिची काई तकलीफ न्हाई. आता घाईत घरीच राहिली."

"कधीपासून घेतली नाही?"

"इथं आल्यापासून."

बाई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. सिस्टरला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि ते सुरू होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. संध्याकाळी मी उशीला टेकून बसले आणि लेकीला म्हटलं, चहा मिळतो का बघ.

विझलेली चूल

बरं वाटल्यावर माझी चौकशी सुरू झाली. माझा स्वभावच तसा आहे, शिवण उसवून आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बाई राऊंडला आल्या की मी एक प्रश्न तयार ठेवायची. त्यांनाही ते आवडत असावं, कारण माझ्या खाटेपाशी त्या जरा जास्त थांबायच्या.

पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं असणार, असा त्यांचा अंदाज होता. मी विचारलं, मग मला वाचवायला काय टोचलं? त्या म्हणाल्या, त्याच जातीचं. मी उडालेच. म्हटलं, ज्यानं मारलं तेच टोचलं व्हय?

तेव्हा त्यांनी मला सांगितलं की ते विष नाही. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते आणि ती हा रस रोज रक्तात सोडते. त्यालाच हार्मोन म्हणतात. त्याच्यावाचून माणूस जगत नाही. पण बाहेरून रोज आयता डबा यायला लागला की घरातली चूल कोण पेटवतो? माझ्या ग्रंथींनी चूल बंद केली. मग पुडी घरी राहिली, डबा एकाएकी बंद झाला, आणि नेमकं जखमेच्या वेळी, जेव्हा अंगाला जास्त रस लागतो तेव्हा, आत काहीच शिजत नव्हतं. त्या उलट्या, तो अंधार त्याचा होता.

"आणि बोट?" मी विचारलं. "ते काहून दुखलं न्हाई?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. बाई म्हणाल्या, जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात. लाली, सूज, आग, ठणका, ताप, हे बरंचसं त्यांच्या झटापटीतून येतं. लढाई संपली की त्यांना आवरायलाही कुणी लागतं, नाहीतर त्या आपलंच घर जाळतील. ते आवरायचं काम हा हार्मोन करतो. पुडीनं त्यांना रोज सकाळी सांगितलं, गप बसा. गुडघ्यातल्या गप बसल्या म्हणून गुडघा दुखायचा थांबला. बोटातल्याही गप बसल्या.

म्हणजे ज्यानं माझ्या गुडघ्याचं दुखणं नेलं, त्यानंच बोटाचंही नेलं होतं. मला इतके दिवस ती कृपा वाटत होती.

मी आणखी एक काढलं. रिपोर्टमध्ये तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, हे मी सिस्टरकडून ऐकलं होतं. मग त्या होत्या कुठं? बाईंनी विचारलं, कळमनुरीचा बाजार बघितलाय ना? रस्त्यावर गर्दी मावत नाही, पण दुकानात कुणी शिरलंच नाही तर दुकानदाराला काय उपयोग? या पेशींनी रक्तवाहिनीच्या कडेला चिकटून भिंतीतून जखमेत उतरायचं असतं. माझ्या नुसत्याच रस्त्यानं फिरत होत्या. मोजायला भरपूर, कामाला थोड्या.

संध्याकाळीच ताप का चढतो, हेही मी विचारलं. आपला हा रस सकाळी जास्त असतो आणि रात्रीकडं उतरतो, तेही एक कारण असावं, असं त्या म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही, सुमनताई." डॉक्टरच्या तोंडून हे ऐकून मला का कोण जाणे, धीर आला.

एका तोंडवळ्याच्या

त्याच दुपारी हे बाहेरून आले, तोंड लाल. आक्कांना फोन करून आले होते. "म्हनलं, माझ्या घरात मसाण आणून ठेवलं तू. ती पुडी आधी उकिरड्यावर फेक, अन् परत बाळापुरात पाय ठेवू नको."

माझ्या हातात चहा होता. मी तो खाली ठेवला. विझलेल्या चुलीची गोष्ट मी नुकतीच ऐकली होती, यांनी ऐकली नव्हती. हे बोलणं कधी झालं, मी विचारलं, तर म्हणाले आज नाही, परवाच झालंय. आज पुन्हा फोन केला तर आक्का नीट बोललीच नाही, म्हणून जास्त राग आला.

लेकीला फोन लावायला सांगितला. आक्कांचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. पुडी फेकली का, विचारलं. फेकली, दिगू म्हणाला तेव्हाच फेकली. आता कसं वाटून राहिलं, मी विचारलं.

"उठूशीच वाटंना, बाई. उलट्या होऊन राहिल्या. पन ते राहू दे. तुझ्या बोटाचं ऐकल्यापासून असं हाय. पाप हाय माझं, भोगू दे मला."

"आक्का, ते पाप न्हाई," मी म्हटलं. "पुडी हाय ती. एकदम बंद केली म्हनून झालं. तुमी आत्ताच्या आत्ता निघा."

त्यांना पटत नव्हतं.  माणूस मरायला टेकलं होतं आणि त्याला वाटत होतं आपल्याला पश्चात्ताप झालाय. शेवटी फोन यांच्या हातात दिला. यांनी तो कानाला लावला. मग म्हणाले, "आक्के, मी गाडी पाठवतो. माझी आन हाय तुला." आणि भिंतीकडं तोंड करून रडले.

आक्कांना माझ्याच वॉर्डात आणलं, तेच इंजेक्शन दिलं, आणि त्याही उठून बसल्या. पलीकडच्या खाटेवरची बाई आम्हा दोघींकडं बघून म्हणाली, सख्ख्या बहिणी का तुमी? तोंड हुबेहूब हाय. आमचं रक्ताचं काही नातं नाही. मी यांची बायको, त्या यांची बहीण. गोल तोंड, लाल गाल, बारीक दंड, सगळं पुडीनं शिवलेलं, एकाच मापाचं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं, आणि आम्ही दोघी अशा हसलो की सिस्टर रागावली.

दुखलं

इंजेक्शनाच्या गोळ्या झाल्या आणि गोळ्या हळूहळू कमी होत गेल्या. एका ड्रेसिंगला सर्जननी बोटाला हात लावला आणि मी किंचाळले. बोट लाल होतं, गरम होतं, आतून ठणकत होतं.

"दुखतंय?" ते म्हणाले. "उत्तम."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा खुलला होता, आणि मग मलाही उमगलं. रस्त्यावर फिरणारी माझी माणसं दुकानात शिरली होती. मी रडत होते आणि हसत होते, आणि यांना कळेना माझा दंड धरावा की डॉक्टरवर रागवावं. बोट राहिलं. शेवटचं पेर आता वाकत नाही आणि टोकाचा थोडा भाग गेला, पण टेपचं टोक धरायला ते पुरतं.

घरी आल्यावरचे दिवस सोपे नव्हते, हेही लिहायला हवं. गुडघे परत दुखायला लागले. त्यांच्यावर आता व्यायाम आहे, शेक आहे आणि उंच स्टूल आहे. चूल पेटायला महिने लागले. तोवर गोळी चुकवायची नाही, ताप-जखम झाली तर डॉक्टरला आधी गोळीचं सांगायचं, हे मी आणि आक्का एकमेकींना फोनवर रोज बजावत होतो. सूज उतरली, तोंड पहिल्यासारखं लांबट झालं, आणि आता लोक म्हणायला लागले, सुमनबाई, काहून वाळून राहिल्या? काय दुखणं लागलं? आजारी होते तेव्हा कौतुक केलं, बरी झाले तर कीव करतात. मी म्हणते, सुख उतरून राहिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर मला साधा सर्दीताप आला. हे घाबरून गाडी काढायला निघाले. डॉक्टरबाईंना फोन लावला, त्यांनी सांगितलं तशी गोळी वाढवली. आणि मग गोधडीत पडल्या पडल्या मला तो ताप जुनी मैत्रीण भेटावी तसा वाटला.

माप

परवा एक बाई ब्लाऊज शिवायला आली. नवीन होती, वारंग्याकडून आलेली. बरोबरची जाऊ कौतुकानं सांगत होती, हिला आता कुठं अंगी लागून राहिलं, आधी नुसती काडी होती. मी तर्जनी आणि अंगठ्यात टेपचं टोक धरलं. वाकत नाही ते पेर तिच्या मानेखाली टेकलं आणि तिथं मऊ उंचवटा लागला. कंबर घेतली. मग दंड घेतला, आणि पुन्हा एकदा घेतला.

"बाई, काई औषध घेतेस का?" माझ्या तोंडून आधी तेच निघालं.

"न्हाई बा. औषध काहून घेऊ? चांगली धडधाकट हाय मी."

मी टेप गळ्यात टाकली आणि माझं उंच स्टूल तिच्याकडं सरकवलं.

"मंग पुडी कोणती खातीस?"

ती जावेकडं बघायला लागली. मी म्हटलं, "फेकू नको. एकदम बंद करू नको. आधी बस."